कोळशाशिवाय चालणारी बोट

माझा थोरला भाऊ बोटीवर आगवाला होता. मालबोटीच्या पोटात बॉयलरच्या तोंडाशी उभं राहायचं आणि फावड्याने कोळसा आत टाकत राहायचा, हे त्याचं काम. त्याच्या पगारावर मी शिकलो आणि महाडच्या शाळेत विज्ञान शिकवू लागलो. साठ सालानंतर तो पोलादपूरच्या वर डोंगरातल्या आमच्या वाडीत कायमचा परतला, तेव्हा त्याने चाळिशीही ओलांडली नव्हती. पण ओटीवरून गोठ्यापर्यंत जातानाही त्याला मध्ये बसावं लागे. छातीत कोळशाची भुकटी बसली होती.

मी शनिवारी एस.टी.ने घरी जाई. त्याला वाचता येत नसे, म्हणून काहीबाही वाचून दाखवी. एकदा मासिकात अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीबद्दल लेख आला होता. मी वाचायला लागलो तसा भिंतीला टेकलेला दादा सरळ बसला.

"कोळसा नाय?"

"नाही. तेलही नाही. युरेनियम नावाचा धातू असतो."

"मग आग कोण घालतो?"

"आगच नसते, दादा. त्या धातूचे अणू फुटतात, त्यातून उष्णता निघते. जळत काहीच नाही, म्हणून हवाही लागत नाही. पाण्याखाली महिना-महिना राहते."

"आन् बोट ढकलनारा पंखा कशान् फिरतो?"

मी विझल्या कोळशाने जमिनीवर काढून दाखवलं. अणुभट्टीतलं पाणी दाबाखाली कोंडलेलं, म्हणून कितीही तापलं तरी उकळत नाही. ते नळ्यांतून फिरतं आणि बाहेरच्या दुसऱ्या पाण्याची वाफ करतं. वाफेने टर्बाइन फिरतं, त्याने पंखा.

"म्हंजे शेवटाला वाफच!" तो हसला आणि खोकत राहिला. खोकला ओसरल्यावर म्हणाला, "मग आमचीच बोट ती. कोळसा तेवढा नाय. आन् त्यो धातू संपला म्हंजे?"

"दोन-दोन वर्षं पुरतो. मग गोदीत नेऊन तिची पाठ कापतात आणि नवा भरतात."

दादाने जमिनीवरच्या चित्रावर बोट ठेवलं. "आत मानसं हायत ना रे? ती श्वास कशाचा घेतात?"

पुढच्याच पानावर ते होतं. भट्टीच्या जोरावर वीज तयार होते, आणि त्या विजेने पाण्यातून प्राणवायू वेगळा काढतात. दादाने वहिनीला हाक मारली. "आयकलंस का गो? पान्यातून श्वास काढतात."

त्या थंडीत त्याचा दम फारच वाढला. गावकऱ्यांनी डोलीत घालून सडकेपर्यंत आणलं, तिथून ट्रकने महाडला. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेतलं. "प्राणवायू द्यायला हवा. माझ्याकडे नाही. मुंबईला आहे, पण तिथवर पोचतील असं वाटत नाही."

दादाने ऐकलं होतं. त्याने माझा हात धरला. "तू पोरांना शिकवतोस ना... पान्यातला काढायला?"

"शाळेत परीक्षानळीभर निघतो, दादा. तासभर लागतो."

"नळीभर," तो म्हणाला. "नळीभर तर नळीभर."

त्याचा काही उपयोग नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी शाळेत गेलो. रविवार होता, शिपायाकडून प्रयोगशाळा उघडून घेतली. पाण्यात आम्लाचे थेंब टाकले, सुक्या बॅटऱ्या जोडल्या, नळ्या उलट्या धरल्या. तारेवर एकेक बुडबुडा धरायचा, सुटायचा, वर जायचा. शिपाई दारात उभा होता. "सर, काय करताय?" मी नळीकडे पाहिलं. नळी अर्धीही भरली नव्हती. ती तशीच टाकून मी धावत दवाखान्यात परत आलो.

दादा वहिनीच्या खांद्यावर कपाळ टेकून बसला होता. मी रिकाम्या हाताने आलेलो त्याने पाहिलं. "घरी चल," एवढंच म्हणाला. आम्ही घरी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर, बसल्याबसल्याच, तो गेला.

आडवं झालं की त्याचा जीव घुसमटे, म्हणून तो रात्रीही बसूनच झोपे. आम्ही त्याला चटईवर निजवलं, पाय लांब केले. वहिनी रडत नव्हती. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, "भावोजी, किती म्हयन्यांनी सरळ निजलेत."