ऋणनिर्देशातली एक ओळ

रुग्णालयात तिला सगळे फिजिओबाई म्हणत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माणसाला पुन्हा पायावर उभं करायचं, हे तिचं काम. "बाई, आज नको, उद्या चालतो," म्हणणाऱ्याला ती गप्पांच्या नादात खिडकीपर्यंत नेऊन आणी, आणि मग तोच म्हणे, "अजून एक फेरी मारू का?"

अशाच पेशंटांवर तिनं आणि तिथल्या मोठ्या सर्जननी मिळून एक अभ्यास केला होता. शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याला एक नव्या धर्तीचा पट्टा बांधला, तर माणूस लवकर चालू लागतो का? उत्तर आलं, लागतो, पण थोडाच लवकर. निबंध एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सासूबाईंनी तो शेजारीपाजारी फिरवला. त्यातलं अक्षरही कोणाला कळलं नाही, पण सुनेचं नाव सगळ्यांनी वाचलं.

पुढे सासूबाईंचेच गुडघे कुरकुरू लागले. काठी घ्यायला दोघी दुकानात गेल्या, तर दुकानदारानं एक गुळगुळीत पत्रक पुढे केलं.

"काठी कशाला, आजी? हा पट्टा घ्या. कंपनीची कसलीही मदत न घेता डॉक्टरांनी सिद्ध केलंय. हे बघा, छापलंय."

पत्रकावर तिच्याच निबंधाच्या ऋणनिर्देशातली ओळ ठळक अक्षरांत होती : 'या अभ्यासासाठी कोणाकडूनही साहाय्य घेतलेले नाही.'

"अगं, हे तर तुझंच!" सासूबाईंना कोण आनंद! फिजिओबाई मात्र ती ओळ पुन्हा पुन्हा वाचू लागली. अभ्यासातले सगळे पट्टे त्याच कंपनीनं फुकट दिले होते. खोकी तिनं स्वतः उतरवून घेतली होती.

घरी येऊन तिनं जुने मसुदे उघडले, तेव्हा उलगडा झाला. लिहिताना सर्जनच्या आधीच्या एका निबंधाचा साचा वापरला होता. त्या अभ्यासाला खरोखरच कोणाची मदत नव्हती. तिथली ओळ इथे तशीच राहून गेली, आणि शेवटचं वाचन करताना हिचं सगळं लक्ष आकड्यांच्या तक्त्यांवर. लबाडी कोणाचीच नव्हती, पण छापलं गेलं ते खोटंच.

दुसऱ्या दिवशी ती सर्जनच्या खोलीत गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, निष्कर्ष बदलतो का? नाही ना? मग हात दाखवून अवलक्षण कशाला? उद्या अख्खा निबंधच रद्द केला तर?"

"तीच भीती मलाही आहे, सर. पण माझ्या सासूबाई त्या ओळीच्या भरवशावर पट्टा घ्यायला निघाल्या होत्या."

"घेतला?"

"नाही. रंग आवडला नाही."

सर्जनना हसू आवरेना. मग त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. शेवटी म्हणाले, "लिहा संपादकांना. साचा माझा होता, हेही लिहा."

"आणि नजर माझी चुकली, हेही लिहिते."

संपादकांचं उत्तर कोरडं होतं. कंपनीशी झालेला करार पाठवा, सगळी मोजमापं पाठवा, बाहेरचा तज्ज्ञ तपासेल, मग ठरवू. तिनं सगळं पाठवलं आणि वाट पाहणं सुरू झालं. भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. एक पेशंट म्हणालासुद्धा, "बाई, हल्ली तुम्हीच लंगडताय."

"कर नाही त्याला डर कशाला?" सासूबाई समजावत.

"आई, थोडं केलंय ना, म्हणून तर डर आहे!"

निरोप आला तेव्हा ती व्यायामाच्या खोलीत एका निवृत्त ड्रायव्हरकाकांना चालवत होती. काकांना कठडा धरायला लावून तिनं फोन उघडला. मोजमापं बरोबर आहेत. अभ्यासाची आखणी किंवा हिशेब यांत कंपनीचा हात नाही. निष्कर्ष कायम. शुद्धिपत्र छापू, मूळ निबंधालाही जोडू. ती मटकन काकांच्याच खुर्चीत बसली.

"बाई, बरं नाही का वाटत?"

"फार बरं वाटतंय, काका. किती दिवसांनी!"

"मग खुर्ची सोडा. माझे पाय लटपटतायत."

काकांना नीट बसवून ती जिना चढून वर धावली. सर्जन दारातच उभे होते. "बाई, वाचला!"

"मीही आत्ताच वाचला, सर."

"अहो, निरोप नव्हे! आपला निबंध वाचला म्हणतोय!"

दोघं इतके मोठ्यानं हसले की शेजारच्या खोलीतली नर्स डोकावून गेली.

संपादकांनी कंपनीलाही कळवलं होतं. पत्रक मागे घेतलं गेलं, आणि यापुढे फुकट पट्टे मिळणार नाहीत, असं कंपनीनं जरा घुश्शातच कळवलं. रुग्णालयात एक-दोघांनी नाकं मुरडली, 'स्वतःची चूक छापून आणायची हौस!' तिला त्याचं काही वाटलं नाही. मनावरचं ओझं उतरलं होतं.

शुद्धिपत्र छापून आल्यावर दुसऱ्या एका शहरातल्या अनोळखी डॉक्टरांचा निरोप आला. ते वाचून त्यांनी स्वतःचे निबंध तपासले होते. एकात मदत करणाऱ्या संस्थेचं नावच राहून गेलं होतं. संपादकांना नेमकं कसं लिहायचं, हे त्यांना विचारायचं होतं.

तिनं आपलं पत्र जसंच्या तसं पाठवलं आणि खाली लिहिलं, 'पाठवताना भीती वाटेल. मलाही वाटली होती. तरी पाठवा. नंतर झोप छान लागते.'