डाव्या कुशीवर

सत्तरच्या दशकात मी सांगलीकडे डॉक्टरकी शिकत होते. शेवटच्या परीक्षेच्या धसक्यानं नुसतं चिपाड झालं होतं माझं. पुस्तकं तोंडपाठ होती हो. पण परीक्षक खाटेवरचा जिताजागता पेशंट पुढ्यात ठेवायचे, तिथं भल्याभल्यांची बोबडी वळायची.

अशा परीक्षेसाठी ठेवणीतले पेशंट असत. जतकडची एक मेंढपाळीण त्यातलीच. हृदयाची झडप आवळलेली, आणि ठोक्यांमागची गुरगुर अशी, की बहिऱ्यालाही ऐकू यावी! परीक्षा आली की तिला निरोप जायचा. एसटीचं भाडं नि जेवण मिळायचं. नवरा आणि लेकीला घेऊन ती यायची, आणि आम्ही आधीच जाऊन तिच्यावर हात बसवून घ्यायचो. गळ्यात स्टेथोस्कोप दिसला की बिचारी आपणहून डाव्या कुशीवर वळायची, श्वास सोडून थांबायची. ती गुरगुर तशीच नीट ऐकू येते. लेक पायथ्याशी बसून बघत असायची.

तिच्या गालांवर लाली होती. आमच्या पुस्तकात ती रोगाची खूण. नवऱ्याला वाटायचं, बायको सुधारली.

"अक्का, धाप वाढलीय तुमची," मी एकदा म्हणाले. "मुंबईला जाऊन झडपेचं ऑपरेशन करून घ्या, नाहीतर जिवावर बेतेल. चिठ्ठी मी मिळवून देते."

"आवं बाई, ममई कशाला? हितं एवढं डाक्टर बघत्यात की मला," ती हसली. "एकाला न्हाई घावलं तर दुसऱ्याला घावंल."

तिला वाटत होतं, आम्ही तिचा रोग शोधतोय! अगं बाई, तो सगळ्यांना ठाऊक होता. तिला परत समजावलं, नवऱ्याला समजावलं. तो म्हणाला, "भाऊ मेंढरं घिऊन माघारी आला की बघू." असा संताप आला म्हणता! पण पालथ्या घड्यावर पाणी.

परीक्षेत मला तीच आली. मी घडाघडा बोलले, पास झाले. वडूजला घरी पेढे वाटले.

पुढच्या तुकडीच्या परीक्षेवेळी मी कॉलेजच्याच दवाखान्यात उमेदवारी करत होते. नवरा आला, पण बरोबर ती नव्हती. पाणी आणताना वाटेतच गेली म्हणाला. मला रडूच फुटलं. त्यानं मागं उभ्या लेकीला पुढं केलं. तिच्याही गालांवर तीच लाली.

"हिलाबी धाप लागतीया," तो म्हणाला. "आईच्या जागी हिला घ्या की परीक्षेला. लय डाक्टर बघत्याल."

मी काही बोलायच्या आत पोरगी खाटेवर चढली आणि डाव्या कुशीवर वळली.