पाइपाची आंघोळ

शिवमूर्तीअप्पा म्हणजे भलताच चिकित्सक माणूस. लातूरच्या बाजारात टॉवेल घ्यायचा तरी शिवण उलटी करून बघणार! नांदेडबाहेरच्या खताच्या कारखान्यात खरेदीचं काम त्याच्याकडे. गंधकाच्या ॲसिडचा लवचिक पोलादी पाइप घ्यायचा म्हटलं की ॲसिड कितपत तीव्र, गरम की गार, असं विचारून विचारून तो दुकानदाराला हात जोडायला लावी. वर म्हणे, "धरणाऱ्याच्या घरी लेकरं हायेत, बाबा."

आणि नेमका त्याचाच पाइप फुटला! गेल्या दिवाळीच्या तोंडावर टँकर रिकामा करताना दसऱ्याआधीच आणलेला नवा पाइप गळला आणि तो धरणाऱ्या ग्यानोबाचा डावा हात भाजला. अप्पानं कमिशन खाल्लं, असं लोक बोलले. लोकांच्या जिभेला काय हाड असतंय? ग्यानोबानं मात्र एका शब्दानं बोल लावला नाही, आणि तेच अप्पाला जास्त लागलं. तो आखडलेला पंजा दिसला की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

यंदा त्यानं मालकाशी भांडून आणखी चांगल्या पोलादाचा पाइप आणला. तरी जीव टांगणीलाच. हाही गळला तर?

खंडेनवमीला सकाळी तो पंपाच्या शेडकडे गेला. हत्यारांची पूजा मांडलेली, माणसं जमलेली. काल टँकरला लावलेला पाइप ग्यानोबानं पुढ्यात घेतला होता, शेजारी पाण्याची बादली.

"ग्यानोबा! पाणी घालू नको!" अप्पा किंचाळलाच.

"अप्पा, सणाला पारोसा कसा ठिवू? गेल्या साली बी म्याच आंघोळ घातली, झेंडूची माळ घालून टांगला हुता."

अप्पानं आधी बादली मागं ओढली.

"अरे देवा! ग्यानोबा, भाजीत पाणी घातलं की तिखट उतरतं, पण याचं उलटं हाय. बिनपाण्याचं गार ॲसिड हे पोलाद सोसतं. आतल्या वळ्यांत ॲसिड उरतं, त्यात पाणी गेलं की तेच पातळ ॲसिड पोलाद खातं. अंगावर उडलं असतं ते येगळंच!"

ग्यानोबा आपल्या पंजाकडे बघत राहिला. "म्हंजे… म्याच जाळला व्हय ह्यो हात?"

"न्हाई रे," अप्पा म्हणाला. "मी दुकानदाराला विचारलं, टँकरवाल्याला विचारलं. जो रोज पाइप धरतो, त्याच्यापाशी कधी बसलो न्हाई. चूक माझी हाय."

ग्यानोबानं बादली उचलून लांब नेली आणि कडुनिंबाच्या आळ्यात रिकामी केली. पाइपाच्या दोन्ही तोंडांना टोपणं घट्ट बसवली, वरून कोरडं कुंकू लावलं. मग जमलेल्यांकडे वळून मोठ्यानं ओरडला,

"कान उघडून ऐका रे! अप्पाचा पाइप चांगलाच हुता. आंघोळ म्या घातली हुती!"

अप्पाला रडू आवरलं नाही.