फाटक उघडणारे आबा

त्या जुन्या बंगल्याच्या फाटकावर आबांची उभी हयात गेली. मालकांनी बंगला शूटिंगला द्यायला सुरुवात केली आणि आवाराचा नूर पालटला. हिरवळीवर वायरींची भेंडोळी, दिवाणखान्यात दिवे, जिन्यावर नट्या. आबा मात्र कुणाच्या अध्यात ना मध्यात.

त्या दिवशी प्रसंग होता रुसून गेलेला मुलगा घरी परततो त्याचा. दिग्दर्शक म्हणाला, "आबा, फाटक तुम्हीच उघडा. रोजच्यासारखं."

आबांनी उघडलं. गाडी आत आली, तेवढ्यात ढग आला. परत. मग नट वाक्य विसरला. परत. गाडी वळणावर दिसली की दर वेळी आबा टाचा उंचावून आत कोण बसलंय ते बघायचे.

त्यांच्या मुलाला त्यांनी मालकांकडे शब्द टाकून इथंच माळीकाम मिळवून दिलं होतं. ते सोडून त्यानं शहरात केस कापायचं दुकान टाकलं. "या फाटकात पुन्हा पाऊल टाकू नकोस," आबा म्हणाले होते. पोरगाही बापासारखाच हट्टी, टाकलं नाही.

दुपारी बायको डबा घेऊन आली. आबा डब्याला हात न लावता येरझारा घालत होते.

"अहो, बसा की! अंगात काय भिंगरी शिरलीय?"

"त्याच्या दुकानाचा पत्ता आहे तुझ्याकडे?"

तिनं क्षणभर पाहिलं. "तोंडपाठ आहे."

आबांनी किल्ल्या नव्या माळ्याच्या हातात कोंबल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी बस पकडली. बसमध्येही बूड टेकवेना. दोनदा उतरायला निघाले, दोनदा परत बसले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मुलगा आरसा पुसत होता. आरशातच त्याला बाप दिसला; हात थांबला.

"आत येऊ का?" आबांनी विचारलं.

मुलानं खुर्ची झटकली, बापाला बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. आबांना खूप बोलायचं होतं. ते सारखे मागं वळत होते.

"बाबा, मान हलवू नका. कान कापला जाईल."

"काप. ऐकायला हवं तेव्हा कुठं ऐकलं त्यानं?"

मुलगा हसला. मग नाक ओढत बराच वेळ कात्री चालवत राहिला.

तो बंगल्यावर अजून आलेला नाही. आबाच जातात, केस वाढायच्या आधीच.