आत्याबाईंनी बदललेला म्हातारा

विज्ञानकथेतले गुरू दोन जातींचे असतात. एक शिष्याला यानात बसवतो आणि म्हणतो, जा, सापडेल. दुसऱ्याने सगळं पाहून झालेलं असतं. तो म्हणतो, कशाला जातोस, काही नाही तिथे. लहानपणी मला पहिला आवडायचा. पन्नाशी उलटली आणि मी लिहायचो त्या कथांत दुसराच ठाण मांडून बसायला लागला. झाँसीजवळच्या बिजौलीतल्या कारखान्यात माझं काम ट्रान्सफॉर्मर तपासायचं, म्हणजे दिवसभर खोट शोधायची. ती सवय जिभेलाही लागते.

आत्याबाईंना, माझ्या वडिलांच्या बहिणीला, हे मुळीच पटायचं नाही. मला मराठी लिहायला त्यांनीच शिकवलं, त्यामुळे कान धरायचा हक्क त्यांचाच.

“तुझे म्हातारे सगळे असे कडू का रे?”

“आत्याबाई, शहाणा माणूस शेवटी कडूच होतो.”

“मग कारल्यालाच गुरू कर की मेल्या!”

झाँसीत आम्ही मराठी माणसं मूठभर. दर गणपतीत आमचं एक हस्तलिखित निघतं. सगळ्यांचं लेखन आत्याबाई आपल्या वळणदार अक्षरात उतरवतात आणि संध्याकाळच्या आरतीनंतर ते मुलांकडून मोठ्याने वाचून घेतात. मुलांना मराठी कळतं, पण बोलायला गेली की हिंदीवर घसरतात, म्हणून हा खटाटोप. नियम एकच: खाडाखोड चालणार नाही. उतरलं ते उतरलं.

यंदा माझी कथा वाचायला माझीच लेक उभी राहिली. तिला ताऱ्यांवर संशोधन करायचंय. गेल्या वर्षी मुलाखतीत तिला नाकारलं. यंदा पुन्हा अर्ज करते म्हणाली, तेव्हा मी जेवता जेवता बोलून गेलो, “एकदा तोंडावर पडलीस ना? आपल्यासारख्यांचं काम नाही ते. बी.एड. कर.” ती ताट उचलून उठली. अर्जाची मुदत या वाचनाच्या दुसऱ्याच दिवशी संपत होती आणि अर्ज तसाच पडून होता.

कथेत एक म्हातारा दूरच्या ग्रहावर हरवलेल्या यानाला वीस वर्षं संदेश पाठवतो. उत्तर येत नाही. मग एक मुलगी त्याच्याकडे शिकायला येते. लेक अडखळत, पण जीव ओतून वाचत होती. तिने शेवटचं पान उलटलं. पुढचं वाक्य मला पाठ होतं: ‘कोणी नाही तिथे. आपल्यासारख्यांचं काम नाही हे. परत जा.’ अरे देवा, हे तर मी तिला ताटावर बसून ऐकवलं होतं! लिहिताना कसं कळलं नाही मला? वही हिसकावून घ्यावीशी वाटली.

लेकीने वाचलं, “वीस वर्षं हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही. आता तू मार पोरी. तुझा आवाज ताजा आहे, लांब जाईल.”

टाळ्या पडल्या. मी तडक आत्याबाईंकडे वळलो. माझ्या कथेत हात घातला! राग असा आला, आणि खरं सांगतो, त्याच्या दुप्पट सुटल्यासारखं वाटलं. आत्याबाई निवांत खिरापत वाटत होत्या.

“बाबा, ये सच में आपने लिखा?” लेक धावत आली. तिचा चेहरा असा फुलला होता की ‘हो’ म्हणून मोकळं व्हावं.

“नाही गं,” मी म्हणालो. “शेवट आत्याबाईंचा. माझा म्हातारा तिला परत पाठवतो. मी तुला पाठवलं तसा. चुकलं माझं.”

आत्याबाईंनी माझ्या हातावर खिरापत ठेवली. “तुझा म्हातारा परत हवा असेल तर पान फाड.”

“खाडाखोड चालत नाही ना,” मी म्हणालो आणि लेकीला विचारलं, “अर्जाला काय काय लागतं?”

“बाकी सब है. फक्त नवा फोटो.”

सदर बाजारातला फोटोवाला शटर ओढत होता. मी स्कूटरवरूनच ओरडलो, “रुको भैया, एक फोटो!” त्याने कुरकुरत पुन्हा दिवे लावले. स्टुलावर बसता बसता लेकीने विचारलं, “आणि पुन्हा नाही झालं तर?”

जुना म्हातारा जिभेच्या टोकावर आलाच होता. त्याला गिळलं.

“तर पुन्हा हाक मार,” मी म्हणालो. “या वेळी मीही मारतो तुझ्याबरोबर.”