तात्यांचं घोंगडं आणि रोमची लांडगी

तात्या गेल्याचा फोन गावाहून, अंथुर्ण्याहून आला, तेव्हा मी बारामतीत कणीक मळत होते. तशाच पिठाच्या हातांनी गाडीत बसले. वाटेत डोळ्यांपुढं सारखं काय यावं, तर रोम! लोकांना सासऱ्यांची आठवण शेताच्या बांधावर येते, मला परदेशातल्या दगडी रस्त्यावर येते. त्याला मी काय करू?

यांच्या कंपनीनं तेव्हा आम्हाला तिकडं धाडलं होतं आणि रोहन तिथंच झाला. तो दीड वर्षाचा झाला, तेव्हा जन्मभर मेंढरं राखलेले तात्या नातवाला बघायला आले, ते मिशा, पागोटं आणि खांद्यावरच्या काळ्या घोंगड्यासकट. त्यांना बघताच पोरानं जे भोकाड पसरलं, ते काही केल्या आवरेना. खाऊ झाला, घोडा-घोडा झाला, पण कार्टं त्यांच्याकडं जाईल तर शपथ. तात्या वरवर हसायचे. एकदा मात्र चहा पिता पिता हळूच म्हणाले, "आज्याला वळखलंच न्हाय, तर मी येऊन उपेग काय गं?" त्यांचे परतायचे दिवस तर जवळ येत चालले होते...

तशात एक दिवस शहर बघायला निघालो. दगडी रस्त्यावर बाबागाडी अशी खडखडायची, की रोहन रडून बेजार. शेवटी एका संग्रहालयात शिरलो. तिथं काशाची लांडगी उभी आणि तिच्या पोटाखाली दोन बाळं दूध पितायत. हे शहर वसवणाऱ्या भावांना म्हणे लांडगीनं पाजलं, असं यांनी कौतुकानं सांगितलं. तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्या माळावर लांडग्यांनी त्यांची किती कोकरं नेली असतील! तेवढ्यात रोहन गाडीतून उतरला आणि लांडगीच्या तोंडात हात घालायला निघाला. झालं! तात्यांनी माळावरची आरोळी ठोकली, "हाऽऽ हुर्रऽऽ!" पोराला उचललं आणि कोकरू बांधावं तसं घोंगड्यात घालून पाठीशी बांधलं. रखवालदार धावत आला. मी शरमेनं अर्धी झाले, आणि रोहन... रोहन चक्क खिदळत होता! तात्यांच्या मानेला मिठी मारून "हुर्रऽ" म्हणत होता.

मग तो खाली उतरायलाच तयार होईना. उरलेलं रोम त्यानं आज्याच्या पाठीवरूनच पाहिलं. गावी परतल्यावर तात्या मात्र ज्याला त्याला सांगायचे, की तिकडं लांडगीला देवळात बसवलीय आणि पोरं तिच्यापुढं मोकळी सोडतात, येडी माणसं.

परवा दिवसकार्य आटोपलं. आता शाळेत जाणारा रोहन खुंटीवरचं घोंगडं ओढत माझ्याकडं आला आणि पाठीवर घे म्हणाला. घेतलं. तात्यांसारखी गाठ काही मला जमली नाही. घोंगड्याला अजून त्यांच्या तंबाखूचा वास होता. कानाशी हळूच आवाज आला, "आई, तात्या न्हाईत. आता लांडगी आली तर?"

ती आरोळी द्यायला मी तोंड उघडलं... आवाजच फुटेना. मग पाठीवरून रोहननंच ती दिली. अंगणापलीकडं तात्यांची राहिलेली चार मेंढरं होती. त्यांनी एकदम माना वर केल्या आणि दाराकडं बघत उभी राहिली.