तुळसाबाईची मूठ

मारोतीच्या देवळात चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंतीचं गावजेवण असायचं. पुरुषमंडळी गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजत, आणि वरण-भाजीची चूल तुळसाबाईकडे. सासूनं लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी हे काम तिच्या हाती दिलं, त्याला आता बावीस वर्षं झाली होती. त्या चुलीचा नियम एकच, पण कडक. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कणभरही जिभेला लावायचं नाही. मग मीठ बरोबर पडलं हे कळायचं कसं? तर हातानं. "वरणाच्या गंजात तीन मुठी, भाजीच्या कढईत दोन. मूठ घट्ट मिटायची. फटीतून सांडंल ते सांडू द्यायचं, उरलं ते देवाचं," असं सासूनं शिकवलं होतं. तुळसाबाईच्या हाताला एवढं वळण पडलं होतं की पांढरकवड्याहून आलेले पाहुणेसुद्धा विचारत, न चाखता हे जमतं कसं?

सन साठच्या जयंतीला मात्र पंगतीत काहीतरी बिनसलं. लोक दोन घास खात आणि पाणी मागत. वाढणारे घागरी आणून आणून थकले. देवळाचा सगळा कारभार डोमाजी पाहायचा. तो हात धुता धुता म्हणाला, "वैनी, मारोतीनं समुद्र वलांडला होता, पिला नव्हता!"

सगळी पंगत हसली. तुळसाबाई नाही हसली. सगळ्यांच्या शेवटी ती जेवायला बसली आणि वरणाचा पहिला घास तिनं अगदी लक्ष देऊन खाल्ला. खारट कुठलं? उलट किंचित अळणीच. तिला वाटलं, हे लोक मिळून आपली टर उडवताहेत.

पण टर उडवायला कुणी घागरीच्या घागरी पाणी पितं का? घरी येऊन तिनं सुनेला धरलं. "सत्यभामा, खरं सांग. माह्या माघारी गंजात मीठ कोणं टाकलं?"

"मी कायले टाकू, आत्याबाई? मी त पत्रावळी लावून राह्यली होती."

"मग रुक्माबाईनं टाकलं असंल. तिले कवाचा हा मान पायजे."

रुक्माबाई म्हणजे शेजारच्या आळीतली, स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली बाई. तिच्यावर आळ घेतला याचं तुळसाबाईला मागाहून वाईट वाटलं, पण राग काही उतरेना. श्रावणातल्या शनिवारी छोटा नैवेद्य होता. त्या दिवशी ती गंजाशेजारी पाट टाकून बसली. कुणाला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. मीठ स्वतः घातलं, झाकण स्वतः ठेवलं, उतरवलंही स्वतः. तरी तेच. लोकांनी दोन घास कालवले आणि वरण बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी डोमाजी ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ पावसापाण्याचं बोलला. मग नजर चुकवत म्हणाला, "वैनी, पुढच्या जयंतीले रुक्माबाईले सांगावं म्हणतो. तुमालेही आराम."

"मी आराम मांगतला काय?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

डोमाजी उठून गेला. तुळसाबाई तशीच तणतणत स्वयंपाकघरात शिरली. चुलीच्या कडेला वरणाची दोन भांडी झाकून ठेवलेली दिसली, एक मोठं, एक वाटीएवढं. तिनं दोन्हींतलं थोडं थोडं हातावर घेऊन चाखलं. मोठ्यातलं नुसतं पाणी. लहानातलं झकास.

"हे दोन काहून?"

सत्यभामा भिंतीला टेकून उभी राहिली. "मोठं आमचं, आत्याबाई. अन हे तुमचं. तुमच्यात मी वरून मीठ टाकतो."

"कवापासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"अन मले सांगतलं नाही?"

"सांगतलं असतं त तुमी आयकलं असतं?"

तुळसाबाईचा नवरा उकंडा ओसरीवर दोरी वळत होता. ती त्याच्याकडे वळली, "तुमालेही ठाऊक होतं?"

"मी काय बोलू?" तो म्हणाला. "मी आजलोक ताटात पडलं ते खात आलो."

त्यावर तुळसाबाईनं जो आवाज चढवला तो ऐकून शेजारचे बाबाराव गुरुजी वही मिटून आले. गुरुजी अमरावतीला शिक्षकांचं ट्रेनिंग करून आलेले. तिथं त्यांना मानसशास्त्राचा एक विषय होता आणि त्यातलं काही ना काही करून पाहायची त्यांना हौस होती. त्यांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काकू, भांडून नाही कळणार. मोजून पाहू."

"जीभ काय तागडीत घालता गुरुजी?"

"तसंच समजा."

त्यांनी सात पेले मागवले. पहिल्यात नुसतं पाणी. दुसऱ्यात चिमूटभर मीठ, तिसऱ्यात दोन चिमटी, असं वाढवत सातव्यापर्यंत. मग पाठ करून पेल्यांची जागा बदलली आणि दोघींना एकेक घोट घ्यायला लावला. मीठ लागलं की सांगायचं, दर वेळी मध्ये चूळ भरायची. सत्यभामेनं एक चिमटीचा पेलाही ओळखला. तुळसाबाई मात्र तीन चिमटींपर्यंतच्या प्रत्येक पेल्याला पाणी, पाणीच म्हणत राहिली. चार चिमटींपासून पुढच्या पेल्यांनाच तेवढं तिचं तोंड हललं.

"तुमी काहीतरी हातचलाखी केली," ती म्हणाली.

गुरुजींनी दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. तिसऱ्या दिवशी पेल्यांत मीठ तिनं स्वतः घातलं आणि जागा सुनेनं बदलली. उत्तर तेच आलं.

"काकू," गुरुजी समजावू लागले, "प्रत्येक इंद्रियाला एक उंबरठा असतो. वस्तू दाराशी येऊन उभी राहते, पण उंबरठा ओलांडल्याशिवाय आत कुणाला पत्ता लागत नाही. सत्यभामाबाईंचा उंबरठा एका चिमटीचा. तुमचा चारचा झालाय."

"कोणं केला एवढा उंच?"

"थोडा वयानं. थोडा जास्त मिठाच्या सवयीनं. अन थोडा त्यानं असंल." त्यांनी तिच्या कमरेच्या मिश्रीच्या डबीकडे बोट दाखवलं. तुळसाबाई दिवसातून चार वेळा मिश्री घासायची. तिनं डबी पदराआड केली.

तिचा चेहरा पाहून गुरुजींना वाईट वाटलं असावं. त्यांनी दोन सारख्या पिशव्यांत अर्धा अर्धा शेर तांदूळ भरले आणि एकीत गुपचूप तोळाभर जास्त टाकले. डोळे मिटवून दोन्ही दोघींच्या हातांवर ठेवल्या. सत्यभामेला काही कळेना. तीन तोळ्यांचा फरक केल्यावर ती अंदाजानं बोलली. तुळसाबाईनं एका तोळ्यावरच सांगितलं, "डाव्या हातातली जड हाय." पुन्हा पुन्हा फिरवून दिल्या, एकदाही चुकली नाही. कित्येक दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं.

"आता दहा शेरांच्या पोतडीत एक तोळा टाकला तर कळंल?" गुरुजींनी विचारलं.

"ते कसं कळंल, बाप्पा? तिथं वीसेक तोळे तरी टाका लागतील."

"बस! हेच तर पुस्तकात दिलंय. फरक केवढा हे नाही, मुळाच्या मानानं केवढा हे हाताला कळतं. मोठ्या ओझ्यात लहान भर दडून बसते."

तुळसाबाईचं हसू हळूहळू मावळलं. तिनं आपला उजवा हात समोर धरला, मूठ घट्ट मिटली, मग थोडी सैल केली, आणखी थोडी. दर जयंतीला शेवटी जेवताना वरण जरासं अळणी लागायचं. पुढच्या वेळी मूठ जराशी सैल राहायची, चार खडे जास्त जायचे. चार खड्यांचा फरक त्या भरल्या मुठीत कुणाला जाणवणार? तिच्या त्या तोळा ओळखणाऱ्या हातालासुद्धा जाणवला नव्हता. बिघडलेल्या जिभेनं चांगल्या हाताला वर्षं न वर्षं चुकीचं शिकवलं होतं.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

तिनं मिश्री सोडली. डोकं ठणकायचं, झोप लागायची नाही, सुनेवर उगाच खेकसायची. मारोतीला रोज सांगायची, बाबा, एवढं तरी परत दे. दोन महिन्यांनी गुरुजींकडून पुन्हा पेले मांडून घेतले. चार चिमटींचा पेला होता तिथं तीन चिमटींचा ओळखू आला. एवढा सगळा जाच काढून जेमतेम एक चिमूट पदरात पडली.

माघात ती स्वतः डोमाजीच्या दारात गेली. "या जयंतीची चूल माहीच. बिघडलं त मी माह्या हातानं रुक्माबाईले पळी देतो."

"वैनी, गाव काय म्हणंल?"

"गावानं मलेच म्हणावं. तुमाले कोण म्हणते?"

जयंतीच्या दिवशी वरणाला उकळी आली तेव्हा तिचा हात मिठाच्या मडक्यात गेला आणि तिथंच थबकला. तिनं मूठ इतकी घट्ट मिटली की खडे तळव्याला रुतले. तीन वेळा. तिसरी मूठ सुटल्यावर हात आपोआप पुन्हा मडक्याकडे निघाला. तिनं तो दुसऱ्या हातानं धरून मागं ओढला. अजून लागतं, अजून लागतं, असं तिचं सगळं अंग तिला सांगत होतं आणि त्यातल्या एका शब्दावरही तिला विश्वास ठेवायचा नव्हता.

नैवेद्य झाला. पंगत बसली. ती खांबाआड उभी राहून लोकांची तोंडं पाहत होती. कुणी वरण बाजूला सारलं नाही. दुसऱ्यांदा मागितलं, तिसऱ्यांदाही. डोमाजी द्रोण तोंडाला लावून वरण प्यायला आणि लांबूनच म्हणाला, "वैनी, पुढच्या सालीबी चूल तुमचीच!"

"सत्यभामा संगं राहील," तिनं सांगितलं. "नैवेद्य झाला का पहिला घास ती खाईल, अन कमी का जास्त ते तीच सांगंल. माह्या जिभेले कोणी विचारायचं नाही."

मग ती जेवायला बसली. रुक्माबाई शेजारी होती. "किती झाक झालं वं वरण, तुळसाबाई!" ती म्हणाली. तुळसाबाईनं घास घेतला. कोमट पाणी आणि शिजलेली डाळ, बस्स. रुक्माबाई खरं बोलते की मन राखते, हे तिला तिच्या तोंडाकडे पाहूनच ठरवावं लागलं, आणि तेही नीट ठरलं नाही. सत्यभामेनं मिठाची वाटी हळूच पुढं सरकवली.

"सरकव ते तिकडं," ती खेकसली. "देवानं जसं खाल्लं तसं मीबी खातो."

प्रसाद पानात टाकायचा नसतो. तिनं एकेक घास करून सगळं संपवलं.